हिरव्या तारेखालचा रंग

माझा स्वभाव वाईट आहे. चंद्रपूरच्या उन्हात ज्याचे चाळीस उन्हाळे गेले त्याचं डोकं थंड कसं राहील, असं मी लोकांना ऐकवत आलो आणि लोक हसून सोडून देत आले. पण उन्हाने माणूस फार तर चिडका होतो. नीचपणा त्याचा त्यालाच करावा लागतो. मी जो केला तो वीतभर हिरव्या तारेपायी केला, आणि तो सांगताना मला स्वतःची कीव करायची नाही. तुम्हीही करू नका.

नद्यांचं पाणी मोजणारी यंत्रं दुरुस्त करणं हे माझं काम. पुलाच्या कठड्याला एक डबा टांगलेला असतो. तो खाली नदीकडे बघत असतो आणि पाणी आपल्यापासून किती लांब आहे ते ओळखतो. तिथून एक लांब केबल काठावरच्या खोलीत येते. खोलीत लोखंडी पेटी, पेटीत आकडे साठवणारं यंत्र, आणि त्या यंत्राला नऊ पिनांचा सिरीयल पोर्ट. केबल तिथे जोडायची. मग आकडा आत शिरतो आणि छपरावरच्या अँटेनातून दर पंधरा मिनिटांनी उपग्रहामार्फत साहेबांच्या टेबलावर जाऊन पडतो.

भामरागडकडच्या एका नदीघाटावरचा पोर्ट दर मे महिन्यात जळायचा. तिकडे पावसाच्या आधी विजा फार. वीज खोलीवर पडायची गरज नसते. दूर जंगलात कुठे पडली तरी तेवढ्या लांब केबलमध्ये झटका उतरतो आणि सरळ पोर्टात घुसतो. दोन उन्हाळे मी पोर्टाचं जळलेलं कार्ड काढून नवीन बसवलं. तिसऱ्या वर्षी खात्याने सर्ज प्रोटेक्टर दिला. काडेपेटीहून थोडा मोठा डबा. केबल आणि पोर्ट यांच्या मधे तो बसवायचा. झटका आला की तो पोर्टाकडे जाऊ द्यायचा नाही, हिरव्या तारेतून जमिनीत सोडून द्यायचा, एवढंच त्याचं काम. पण हिरवी तार जमिनीला नीट मिळालेली नसेल तर तो डबा नुसता शोभेचा.

त्या घाटावर एक पट्टीवाला होता. नदीच्या उतारावर आकडे रंगवलेल्या लोखंडी पट्ट्या रोवलेल्या असतात. पावसाळ्यात दर तासाला, एरवी सकाळी आणि दुपारी चारला त्या वाचायच्या आणि वहीत लिहायच्या. यंत्र येण्याच्या कितीतरी आधीपासून तो हे करत होता. यंत्र आल्यावर खात्याने त्याला यंत्राच्या आकड्यांचा ताळा बघायला ठेवलं. माडिया माणूस, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा, अंगाने शिडशिडीत. मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला भाऊ म्हणायचा. तिकडे गेलेल्या आम्हा सगळ्यांची हीच रीत होती, आणि तिच्यात काही चुकतंय असं मला एकदाही वाटलं नाही.

गाव नदीपासून हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात रस्ता तुटला की आठ-आठ दिवस बाहेरचं कुणी येत नाही, फोन तर नावालाच. अशा वेळी त्या गावाला नदीचं काय चाललंय ते एकाच माणसाच्या तोंडून कळायचं. तो म्हणाला धान वर न्या, की लोक धान्याच्या ढोल्या रिकाम्या करायचे. तो म्हणाला काही होत नाही, की पोरंबाळं निवांत झोपायची. त्याच्याकडे शेत थोडकं, बैल नाहीत, भावकीत फारसं वजन नाही. गावात त्याची किंमत होती ती त्याच्या शब्दाची. एका वर्षी तो तापाने पडला आणि वहीत दोन दिवस कोरे राहिले. साहेबांनी सांगितलं, अंदाजाने भर. त्याने भरले नाहीत. मी दटावलं तेव्हा म्हणाला, "पाह्यलोच नाई भाऊ, मंग काय लिहू?" मला त्याचा राग आला होता. दोन दिवसांचे आकडे मी माझ्या हाताने लिहून टाकले.

प्रोटेक्टर बसवला तो दिवस मला तासातासाने आठवतो. हिरवी तार जिथे जमिनीला मिळते तो अर्थिंगचा खड्डा पट्टीवाल्यानेच खणला, छातीइतका खोल, कडक मुरमात. मी जीपच्या सावलीत बसून हुकूम सोडत होतो. खड्ड्यात पाइप उभा केला, मग कोळशाचा थर, मिठाचा थर, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ. खडे मिठाची दोन पोती मी आल्लापल्लीहून आणली होती. दुसरं पोतं सोडताना तो थांबला.

"इतकं मीठ मातीत टाकाचं भाऊ?"

"मग काय तुझ्या भाजीत टाकायचं?"

तो हसला. सगळं मीठ त्याने खड्ड्यात ओतलं, पोतं उलटं करून झटकलं, कोपऱ्यात अडकलेले खडेसुद्धा बोटाने काढून टाकले. मी हे सगळं पाहिलं. मी पाहिलं, हे इथे लिहून ठेवतो, कारण पुढे मी निराळं बोललो.

मग मी खोलीत जाऊन प्रोटेक्टर बसवला. केबल कापली, तारा सोलल्या, येणारी बाजू, जाणारी बाजू, सगळं डब्यावर लिहिल्याप्रमाणे. शेवटी हिरवी तार. ती पेटीच्या आतल्या पत्र्याला बोल्टने आवळायची आणि पत्रा खड्ड्यातल्या पाइपाशी जोडलेला. पण पत्र्याला राखी रंग होता, चांगला जाड, भट्टीत भाजलेला. रंगावर तार आवळली तर ती जमिनीला मिळतच नाही. पॉलिश पेपरने रंग घासायचा, खालचा पत्रा चकाकला की मग तार लावायची, मीटर लावून पाहायचं, मीटर ओरडलं की काम झालं. आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या पोराला हे येतं. माझा पॉलिश पेपर जीपमध्ये होता. जीप पन्नास पावलांवर उन्हात होती. खोलीचा पत्रा तापून आत भाजत होतं आणि मला भूक लागली होती. मी बोल्ट रंगावरच आवळला. मीटर बॅगेतून काढलंच नाही. पेटी लावून घेतली आणि कागदावर लिहिलं, अर्थिंग तपासले, ठीक आहे.

तो पावसाळा निभावला. पुढच्या मे महिन्यात पहिल्याच विजेला पोर्ट गेला.

या वेळी साहेब स्वतः आले. नवीन इंजिनीयर, पश्चिमेकडचा, नदीवरच्या बांधकामांत हुशार, विजेतलं काही कळत नसलेला. वर्षभरात त्याची बदली व्हायची होती आणि जाताना आपल्या फायलीवर डाग नको, एवढीच त्याची काळजी. गावातली आठ-दहा माणसं पडेल त्या कामाला बोलावली होती, काही बाया पाण्याला आलेल्या, त्या थांबून बघत होत्या. मी पेटी उघडली. प्रोटेक्टर नव्यासारखा कोरा. त्याच्या अंगावरून झटका गेलाच नव्हता. बोल्ट ढिला केला तर हिरव्या तारेखाली राखी रंग, एक चरासुद्धा नाही. मी बोल्ट पुन्हा आवळला.

"काय झालंय?" साहेबांनी बाहेरून विचारलं. "अर्थिंग तुम्हीच केलं होतं ना?"

"केलं होतं साहेब. खड्डा पाहावा लागेल."

का म्हणालो तसं? वेळ मारून न्यायला, दुसरं काही नाही. माणसांनी खड्डा उकरला. कोळसा निघाला, काळी ओली माती निघाली, पाइप निघाला. मीठ नव्हतं. कसं असेल? मीठ तिथे घालतातच विरघळायला. एक पावसाळा गेला की ते मातीत भिनून जातं, आणि तेच त्याचं काम. साहेबांना हे माहीत नव्हतं. ते खड्ड्यात वाकून बघत होते.

"मीठ कुठंय? बिलात तर दोन पोती दिसतात."

मी उत्तर द्यायला फार वेळ घेतला नाही. माझ्या वाईट गोष्टी मी नेहमी चटकन करतो. मी पट्टीवाल्याकडे बोट केलं आणि म्हणालो, "खड्डा यानेच भरला होता. याला विचारा."

तो पुढे आला. त्याला वाटलं, खरंच विचारतायत. "टाकलो साहेब. दोनी पोते टाकलो. भाऊ इथीच बसले होते, भाऊनं पाह्यलं."

"मी झोपलो होतो," मी म्हणालो.

याला मस्करी म्हणायचं की काय, हे त्याला ठरवता येईना. मग तो खड्ड्यात उतरला. तळातली माती चिमटीत घेऊन त्याने जिभेवर ठेवली. "खारट हाय साहेब. चाखून पाहा. भाऊ, तुमी तरी चाखा." हात लांब करून तो माझ्याकडे माती धरून उभा राहिला. ती माती खारट असणार हे मला चाखल्याशिवाय माहीत होतं.

मी हसलो. मोठ्याने हसलो, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "चोरी पकडली तर आता माती खाऊन दाखवतो," मी म्हणालो. साहेबही हसले. मजुरांतले दोन पोरगे हसले, आणि मग बायांपैकी कुणीतरी दुसरीला हळूच माडियात सांगितलं आणि त्या हसल्या नाहीत, त्या त्याच्याकडे बघायला लागल्या.

शहरातल्या माणसाला वाटेल, दोन पोती मीठ ते काय! त्या भागात म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतं, व्यापारी यायचे आणि पायलीभर चारोळी घेऊन पायलीभर मीठ द्यायचे. मिठावर नागवलेलं गाव आहे ते. तिथे मीठ चोरलं म्हणजे कोंबडी चोरली, लाकूड चोरलं असं नव्हे. आणि सरकारी मीठ, तेही नदीच्या कामाचं. मला हे ठाऊक होतं. दहा वर्षं तिकडे जात होतो मी.

साहेबांनी त्याला त्याच जागी कामावरून काढलं. म्हणाले, यंत्र नीट चाललं तर पट्टीवाल्याची गरजच काय. त्याने वही आणली, ती दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली आणि विचारलं, "आज चार वाजताचं कोन वाचीन?" मी म्हणालो, तुला काय करायचंय?

दुपारी साहेब विश्रामगृहावर जेवायला गेले तेव्हा मी मागे राहिलो. पॉलिश पेपर घेतला आणि पत्रा घासायला बसलो. हाताला फोड येईस्तोवर घासला. पांढरा चकचकीत पत्रा निघाला, त्यावर हिरवी तार आवळली, वरून ग्रीस लावलं. नवीन कार्ड, नवीन प्रोटेक्टर. मीटर लावलं तर स्वच्छ, लांब ओरडलं. इतकं सुबक काम मी त्याआधी केलं नव्हतं आणि नंतरही नाही. खड्ड्यात नवीन मीठ टाकलं, ते साहेब जेवून परतल्यावर त्यांच्या समोर टाकलं.

यंत्र त्या पावसाळ्यात एकदाही बंद पडलं नाही. श्रावणात मोठा पूर आला, पंधरा-पंधरा मिनिटांनी आकडे जात राहिले. साहेबांनी ते वर दाखवले, शाबासकी मिळवली आणि बदली घेऊन गेले. मला चांगल्या कामाचं पत्र मिळालं. ते मी घरी कपाटात ठेवलं आहे.

गावात काय झालं ते मला दिवाळीनंतर कळलं. वर्षाची तपासणी करायला मी घाटावर गेलो, तर तो खोलीच्या भिंतीला टेकून बसलेला. जीप येताना दिसली असणार. त्याने नमस्कार केला. मी पेटी उघडून कामाला लागलो आणि तो दारातून बोलत राहिला, न रागावता.

पूर आला त्या दिवशी सकाळी तो आपल्या सवयीने पट्ट्यांवर गेला होता. कामावर नव्हता तरी जायचा. पाणी कसं चढतंय ते बघून तो गावात घरोघर सांगत फिरला, खालच्या अंगाची जनावरं सोडा, धान वर घ्या. आधी असतं तर त्याचं वाक्य संपायच्या आत लोक उठले असते. आता एकमेकांकडे बघायला लागले. एकाने विचारलं, "मीठ कुठी ठेवलं ते सांग पह्यले." यंत्राला कळलं होतं, उपग्रहाला कळलं होतं, गडचिरोलीला कळलं होतं. गावाचा फोन बंद होता. पाणी अंगणात आलं तेव्हा लोक पळाले. माणूस कुणी गेलं नाही. पाच घरांचं धान गेलं, आणि खालच्या अंगाला एक विधवा बाई राहायची, तिची बैलजोडी दाव्याला बांधलेलीच बुडाली.

"काम नाई दिलं तं नाई, भाऊ," तो म्हणाला. "ते मशीन करून राह्यली, बरं हाय. पन माझं बोलनं कोनी आयकत नाई. पुढच्या साली पानी आलं तं मी काय करू? तुमी एक डाव गावात चला. मी मीठ नेलो नाई, एवढं सांगून द्या. तुमचं आयकतीन."

मी काम करत राहिलो. करण्यासारखं काहीच नव्हतं, सगळं ठाकठीक होतं, तरी स्क्रू काढून पुन्हा लावत राहिलो. मग म्हणालो, चल. खरं सांगतो, तेव्हा माझ्या मनात खोट नव्हती. गावापर्यंतच्या वाटेवर मी वाक्यं जुळवली. तार रंगावर बसवली होती. चूक माझी. मीठ विरघळतं. तीन वाक्यं.

त्याने लोकांना गोटुलात, गावाच्या बैठकीच्या जागी, जमवलं. दुपारची वेळ होती, कापणीचे दिवस, तरी पन्नासेक माणसं आली. म्हातारे पुढे बसले, बाया एका अंगाला. मला खाट दिली, काळा चहा दिला. पुढेच एक बाई मांडी घालून बसली होती, हातात रिकामं दावं नव्हतं की डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसती बसली होती. त्याने हळूच सांगितलं, बैल हिचेच.

तिच्याकडे पाहिलं आणि मी तिन्ही वाक्यं मागे सारली. मी खरं बोललो तर हा माणूस सुटतो, आणि मग ते बैल कुणी मारले? पाच घरांचं धान कुणी बुडवलं? गाव मोजायला बसलं असतं तर हिशेब सरळ माझ्या बोल्टपाशी आला असता. पुढे खात्यात, कपाटातल्या पत्रापाशी. पन्नास माणसं माझ्याकडे बघत होती आणि मी एकटा होतो. मला भीती वाटली.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "झालं ते झालं. दोन पोत्यांसाठी एवढं काय धरून बसायचं? माझ्या मनात आता काही नाही. मी याला माफ केलं. तुम्हीही करा."

जुन्या माणसांना मराठी येत नाही. बाहेरून कुणीही आलं, लशीवाले, मतदानवाले, तर त्यांचं बोलणं गावाला माडियात सांगायचं काम त्याचंच असायचं. मी बोलायचं थांबलो तेव्हा सगळे म्हातारे त्याच्याकडे वळले. तो माझ्या बाजूला उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी तो काहीही सांगू शकत होता. भाऊ म्हणतायत मी मीठ नेलं नाही, असं सांगितलं असतं तर अर्ध्या गोटुलाने ते मान्य केलं असतं, आणि मी तिथे उभा राहून त्याला खोटं पाडलं नसतं. तेवढी हिंमतही माझ्यात नव्हती.

तो गावाकडे वळला आणि बोलला. सावकाश, जसं मी बोललो होतो तेवढंच. माडिया मला येत नाही. त्या सगळ्यात मला एकच शब्द कळला, माफ.

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. एकाने माझ्याकडे बघून हात जोडले. बायांत थोडी कुजबुज झाली आणि ती बैलांची बाई पदर सावरून उठली, कारण सभा संपली होती.

तो माझ्याकडे वळला. "अजून काई सांगाचं हाय का, भाऊ?"

मी म्हणालो, नाही.